ठिपक्यांतला आकडा

शेंदूरजनाघाटच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या पियुषला एका जागी बसवणं कोणत्याच शिक्षकाला जमलं नव्हतं. बाकावर बसला की त्याचा पाय हलायचा. पाय दाबून धरला की बोटं वाजायची. उत्तर येत असलं तरी तो आधी इकडंतिकडं पाहायचा, शेजारच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा आणि मग तोंड उघडायचा. वर्गशिक्षकांनी एकदा त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोरगा हुशार आहे हो, पण त्याचं चित्त ठिकाणावर नसतं."

गोपालरावांनी मान डोलावली. "घरीबी तसाच हाय तो. एक काम धड होत नाई त्याच्याच्यानं."

गोपालरावांचा गावाबाहेर संत्र्याचा बगीचा होता. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फळांची, तोड सुरू झाली की घरातलं प्रत्येक माणूस तिकडंच. त्या वर्षी डिसेंबरात वरुडचा व्यापारी माल पाहायला आला आणि त्यानं नेमकं पियुषनं भरलेलं कॅरेट पुढं ओढलं. वरचा थर बाजूला केला, तर खाली पिकल्या फळांच्या बरोबरीनं हिरवीगार, कच्ची फळं. व्यापारी नुसता हसला. ते हसणं गोपालरावांना झोंबलं. त्यांनी कॅरेट पायानं उलटं केलं.

"आंधळा हायेस का बे? हे पिकलं दिसते तुले? आन हे?"

एकेक हिरवं फळ त्यांनी पोराच्या पायाशी फेकलं. तोडाईला आलेली आशाबाई मध्ये पडली. "राहू द्या ना भाऊ, लेकरू हाय."

पियुष फळांकडं पाहत राहिला. त्याला त्यांच्यात वेगळं असं काही दिसतच नव्हतं. ही मळकट पिवळी, तीही मळकट पिवळी. दरवर्षी तो आशाबाईच्या मागंमागं राहायचा आणि तिचा हात ज्या फळाकडं जाईल त्याच्या शेजारचं तोडायचा. त्या दिवशी आशाबाई दुसऱ्या ओळीत गेली आणि त्याचा घात झाला. सगळ्यांना जे एका नजरेत कळतं ते आपल्याला कळत नाही, म्हणजे आपलंच लक्ष कमी पडतं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. म्हणून तो डोळे ताणून ताणून पाहायचा. डोकं दुखायला लागायचं, आणि व्हायची ती चूक व्हायचीच.

त्यानंतर काही दिवसांतच शाळेची सहल निघाली, अमरावतीच्या विज्ञान केंद्राला. विज्ञान शिकवणाऱ्या प्रणाली मॅडम नव्यानंच शाळेत आल्या होत्या. पोरांना देवळं आणि बागा दाखवण्यापेक्षा हे दाखवू, म्हणून मुख्याध्यापकांच्या मागं लागून त्यांनीच ही सहल ठरवली होती. गोपालराव म्हणाले, "तोड सुरू असताना कायची सहल?" पण पियुषची आई, भावना, ऐकेना. "एक दिवस त्याले हसू द्या," म्हणाली. "तसाबी बगीच्यात येऊन शिव्याच खाते तो."

पियुषला विज्ञानाचं वेड होतं असं नाही. त्याला वेड होतं ते रेल्वेचं. रविवार आला की तो आणि त्याचा जिगरी दोस्त जिब्रान सायकली काढून वरुडच्या स्टेशनावर जायचे. जिब्रानचे वडील वाहेदभाई संत्र्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी पुरवायचे; त्या खोक्यांचा एक तुकडा अंथरून दोघं फलाटाच्या टोकाला बसायचे. गाडी सुटताना इंजिनातला माणूस हात बाहेर काढून मागं पाहायचा, तेव्हा पियुषचा हलणारा पाय थांबायचा. जिब्रानला हे ठाऊक होतं. "तू ड्रायवर होशील तं मले फुकट नेशील का बे?" तो विचारायचा, आणि पियुष दर वेळी म्हणायचा, "इंजिनात बसवून नेतो."

सहलीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. बस मोर्शीला थांबणार होती. तिथं भावनाचे वडील, नत्थुजी, नातवाला भेटायला स्टँडवर येणार होते. मोर्शीत त्यांची पिठाची चक्की होती. बस थांबली, पोरं आलुबोंड्यांवर तुटून पडली, पण नत्थुजींचा पत्ता नाही. जिब्राननंच त्यांना पाहिलं. शेजारी एक वऱ्हाडाची बस उभी होती आणि भुवयांवर पीठ बसलेले नत्थुजी तिच्या खिडकीवर थापा मारत होते. "पियुष! अरे ए पियुष!" आत नवरदेवाचे मामा त्यांच्यावर डाफरत होते.

"आबाजी, इकडं!" पियुष धावला. "आईनं सांगतलं नाई का, लाल पट्ट्याची बस म्हणून?"

"मंग? हे लाल पट्ट्याचीच होय ना?" नत्थुजी म्हणाले. पोरं खो खो हसली. त्या बसचा पट्टा हिरवा होता. पियुषही हसला, कारण सगळे हसत होते. म्हाताऱ्यानं लाडवांची पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि आपले कान चोळत ते मागं वळले.

विज्ञान केंद्र पियुषला भारी आवडलं. हात टेकवला की केस उभे करणारा गोळा होता, कुजबुजलेलं पार पलीकडच्या भिंतीपाशी ऐकू येईल अशी तबकडी होती, वेडेवाकडे आरसे होते. इथं कोणी 'गप बस' म्हणत नव्हतं. उलट, दाबा, फिरवा, ओढा असं जागोजागी लिहिलेलं. या दालनातून त्या दालनात तो नुसता पळत होता, आणि मॅडम त्याच्याकडं पाहून हसत होत्या.

शेवटच्या दालनात डोळ्यांविषयीच्या गोष्टी मांडल्या होत्या. एका काळ्या भिंतीत गोल काचा बसवलेल्या आणि प्रत्येक काचेत मागून उजेड दिलेले लहानमोठे ठिपके. वर लिहिलं होतं, आत दडलेला आकडा शोधा. पोरांनी गर्दी केली.

"सहा!"

"हा पंचेचाळीस हाय!"

"हे तं एकदम सोपं हाय बे," जिब्रान म्हणाला. "मले वाटलं कोडं असन."

पियुष पुढं झाला. ठिपके होते, भरपूर होते. त्यानं डोळे बारीक केले, मोठे केले, मान तिरपी केली. नेहमीच्या सवयीनं त्यानं शेजारी पाहिलं, पण पुढच्या काचेसमोर त्या क्षणी तो एकटाच होता.

"सांग ना बे, कोणता हाय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"सात," तो अंदाजानं म्हणाला.

हशा उठला. "सात? दोन हाय धडधडीत!"

प्रणाली मॅडमना वाटलं हा मस्करी करतोय. "पियुष, नीट सांग. इतर लोकही पाहायला थांबलेत."

"मॅडम, आकडा कुठं हाय?"

"अरे, तुझ्यासमोर."

"समोर ठिपके हायेत. आकडा कुठं हाय?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी त्याला पहिल्या काचेपाशी नेलं, मग तिसऱ्या, मग शेवटच्या. एका काचेत त्याला आकडा दिसला तेव्हा तो केवढ्यानं ओरडला, पण मॅडम म्हणाल्या, "हो, हा आकडा सगळ्यांनाच दिसतो." बाकी एकाही काचेत त्याला काही सापडलं नाही. काचेला नाक लावून तो पाहत राहिला, जणू आतलं काही त्याच्यापासून मुद्दाम लपून बसलं होतं.

"काही लाल नि हिरव्या रंगांतला फरक तुला दिसत नसावा," मॅडम हळूच म्हणाल्या. "असतं काही जणांना. जन्मापासूनच असतं. यात तुझी काही चूक नाही."

त्या हळू बोलल्या, पण त्या दालनात पोरं कान देऊनच उभी होती.

परतीचा प्रवास पियुषच्या आयुष्यात सगळ्यांत लांब झाला. बस सुटली नाही तोच मागच्या सीटवरून प्रश्न सुरू. "पियुष, माहा शर्ट कोणत्या रंगाचा हाय?" "हे चॉकलेट सांग." "मॅडमची ओढणी?" कोणी पाण्याची बाटली त्याच्या नाकासमोर धरली, कोणी कंपासपेटी. सुरुवातीला तो उत्तरं देत गेला. काही बरोबर आली, काही चुकली. बरोबर आलं तर ओरडा आणि चुकलं तर त्याहून मोठा ओरडा. मग त्याचं बोलणं बंद झालं. त्याचा पाय इतका हलायला लागला की सीटचा लोखंडी दांडा वाजू लागला. जिब्रान उठून मागं गेला आणि दोघांची कॉलर धरली, तेव्हा कुठं जरा शांतता झाली.

"चाल सोड ना यार," जिब्रान परत येऊन म्हणाला. "एवढं काय टेन्शन घेऊन राहिला?"

"सिग्नल कोणत्या रंगाचे असतेत?" पियुषनं विचारलं.

जिब्रानला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

घरी गेल्यावर पियुषनं सहल चांगली झाली एवढंच सांगितलं. पण त्या दिवसापासून त्याला कुठंच चैन पडेना. स्वयंपाकघरात जाऊन मिरच्यांच्या टोपलीत हात घालून उभा राहायचा. आईच्या बांगड्या खिडकीत धरून पाहायचा. देव्हाऱ्यातल्या कुंकवाशेजारी तुळशीचं पान ठेवायचा आणि एकदा इकडून, एकदा तिकडून निरखायचा. भावना विचारायची, "काय शोधून राहिला रे?" तो "काई नाई" म्हणून निघून जायचा. जे आजवर सहज चाललं होतं तेही आता अडू लागलं. शर्ट घालताना थांबायचा, भाजी घेताना थांबायचा. इतकी वर्षं आपण जे जे पाहिलं त्यातलं खरं किती नि अंदाजानं किती, हा हिशेब त्याच्या डोक्यात गरगरत राहायचा आणि जुळायचा नाही.

शाळेत त्याला 'कलर' हे नाव पडलं. रविवारी जिब्रान सायकल घेऊन दारात आला, तर म्हणाला, "मले काम हाय." पुढच्या रविवारीही काम होतं. तिसऱ्या रविवारी जिब्रान चिडला. "मी काय केलं बे? माह्याशी काहून बोलत नाई?"

"तू आकडा पाहिला ना," पियुष म्हणाला. "जा मंग."

जिब्रान सायकल वळवून गेला, आणि आपण हे काय बोललो म्हणून पियुष अंगणात येरझाऱ्या घालत राहिला.

शेवटी प्रणाली मॅडमच एका दुपारी घरी आल्या. पोरगा वर्गात मान वर करत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. गोपालराव नुकतेच बगीच्यातून येऊन हातपाय धूत होते. मॅडमनी सगळं सांगितलं. वरुडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, म्हणाल्या. गोपालरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"म्हणजे डोळे खराब हायेत त्याचे? चष्मा लागन?"

"चष्म्यानं जात नाही हे. नजर चांगली आहे त्याची, फक्त रंग वेगळे दिसतात. बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतं."

गोपालरावांनी बायकोकडं पाहिलं. "म्हणजे हे मोर्शीवाल्यायचं हाय."

भावना चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले. "हो, माह्या माहेरचं असन. आन लेकराच्या पायाशी संत्रे फेकले, ते कोणाच्या घरचं होय?"

गोपालरावांनी खांद्यावरच्या टॉवेलानं पुन्हा हात पुसले. चहा तसाच निवत राहिला. पियुष दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला तो इतके दिवस भीत होता.

"मॅडम, रेल्वेचा ड्रायवर होता येते का?"

मॅडमनी नजर चुकवली नाही, हे त्याला पुढंही आठवत राहिलं. "नाही पियुष. त्यांची डोळ्यांची तपासणी फार कडक असते. जिब्राननं मला सांगितलं होतं, म्हणून मी चौकशी केली."

त्यानं चौकट सोडली. चपला घालून निघाला तो थेट बगीच्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नुसता चालत राहिला. त्याला शोधायला आलेल्या गोपालरावांनी त्याला लांबून पाहिलं. ते बांधावर बसून राहिले, तो थकून स्वतःच येईपर्यंत.

भावनानं वडिलांना फोन केला. बोलता बोलता तिला जिब्राननं हसत सांगितलेली मोर्शीची ती दुसरीच बस आठवली. वडिलांनी एकदा आईसाठी हिरवं म्हणून भलत्याच रंगाचं लुगडं आणलं होतं, तेही आठवलं. घरात ती गोष्ट सगळे हसत सांगायचे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुमालेबी तसंच असन."

पलीकडं चालू चक्कीचा आवाज थांबला.

दुसऱ्याच दिवशी नत्थुजी एसटीनं येऊन दारात उभे. चक्की बंद ठेवून आले होते, आणि ती ते सणालाही बंद ठेवत नसत. "मले दाखव ते ठिपके," ते पियुषला म्हणाले.

भांडण विसरून आलेल्या जिब्राननं मोबाइल पुढं केला. "आबाजी, यात दिसतेत."

नत्थुजींनी हात झटकला. "मोबाइलात काय बी दाखवतेत. जिथं यानं पाहिलं तिथं ने मले."

तेव्हा आजोबा आणि नातू अमरावतीला निघाले. वाटेत नत्थुजी धोतराचा सोगा बोटांत पिळायचे, सोडायचे, पुन्हा पिळायचे. पियुषनं ते पाहिलं आणि आपला हलणारा पाय दुसऱ्या पायाखाली दाबला.

विज्ञान केंद्रात म्हाताऱ्यानं ना गोळा पाहिला ना आरसे. "कुठं हाय?" एवढंच विचारत ते पुढं चालले. काळ्या भिंतीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा लावला आणि काचेसमोर उभे राहिले.

आईचं बोट धरून आलेली एक चिमुरडी त्यांच्या कमरेजवळून डोकावली आणि ओरडली, "सहा!"

"कुठं हाय बाई सहा?" नत्थुजींनी तिला विचारलं.

"हा काय!" तिनं काचेवर बोट फिरवून सहा काढून दाखवला. नत्थुजींनी तिच्या बोटामागं आपलं बोट फिरवलं. मग दुसरी काच, मग तिसरी.

"तुले दिसते का?" त्यांनी पियुषला विचारलं.

"नाई आबाजी."

"मलेबी नाई."

लोक येत होते, आकडे ओरडून सांगत होते आणि पुढं सरकत होते. हे दोघं मात्र तिथून हलेनात. सगळ्या जगाला दिसणारी गोष्ट आपल्याप्रमाणंच आबाजींनाही दिसत नाही, यानं पियुषला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही थोडं. पण म्हाताऱ्याचा श्वास जोरात चालला होता, ते ऐकून त्याला भीती वाटू लागली. त्यानं त्यांना बाहेर बाकावर आणून बसवलं, पाणी दिलं.

"आमचाबी बगीचा होता मोर्शीले," नत्थुजी म्हणाले. "म्या कच्चे फळं तोडले की थोरला पुंजारामभाऊ आमच्या बाबाजीले, बापाले, सांगे, नत्थू कामचोर हाय, मुद्दाम करते. बाबाजी काठीनं मारे. मले वाटे, खरंच मी कामचोर असन. एक दिवस म्या हात जोडले, म्हणलं मले नोको हा बगीचा, तुमीच पाहा. आन चक्कीवर नोकरीले लागलो, मंग ते चक्कीच घेतली. पिठात काय, कोणता रंग ओळखा लागते?" ते थांबले. "सारी उमर गेली रे पोरा. कोणी एक जण तरी सांगाले पाहिजे होतं."

पियुषनं त्यांचा हात धरला.

मोर्शीला बस थांबली तेव्हा पियुषला वाटलं आबाजी घरी जाऊन पडतील. पण ते उतरले ते उलट्या दिशेनं, तेही इतक्या झपाट्यानं की त्याला पळत गाठावं लागलं. थोरले भाऊ पुंजाराम गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. आता ऐंशीच्या घरात, कानानं जरा अधू. ओसरीत बाजेवर बसून ते शेंगा फोडत होते.

"भाऊ," नत्थुजी उभ्यानंच म्हणाले, "मी कामचोर नव्हतो. मले रंगच दिसत नाई. आत्ता पाहून आलो अमरावतीहून."

"आँ?"

"रंग! कच्चं-पिकलं मले दिसतच नव्हतं. तू बाबाजीले सांगे का मी मुद्दाम करतो."

पुंजारामांनी शेंगेतले दाणे तोंडात टाकले आणि विचार केला. "म्या सांगतलं? मले नाई आठवत बाप्पा." मग नातवाकडं पाहून म्हणाले, "हा भावनाचा काय? मोठा झाला. बस ना बाबू. नत्थू, चहा घेतं का?"

इतक्या वर्षांचं जे काही नत्थुजींनी वाटेत जमवलं होतं, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेनासं झालं. ते बाजेच्या कडेला बसले. चहा आला, तो प्याले. पुंजाराम पावसाचं, गुडघ्यांचं, सुनेचं बोलत राहिले.

बाहेर आल्यावर नत्थुजी म्हणाले, "आठवतच नाई म्हणते." थोडं पुढं जाऊन पुन्हा तेच म्हणाले. बोलण्याच्या नादात ते स्वतःच्या घराची गल्ली ओलांडून पुढं निघाले. पियुषनं त्यांचा दंड धरून त्यांना मागं वळवलं.

त्या संध्याकाळी शेंदूरजनाघाटला परतताना पियुषच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आबाजींनी फार उशिरा बोलायला घेतलं. घरी पोचल्या पोचल्या तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, मी तोडाईले येणार नाई. मले दिसत नाई. वजन करीन, कॅरेट उचलीन, खोके बांधीन. पण तोडणार नाई." त्याचा आवाज फाटला होता, पण त्यानं वाक्य पुरं केलं.

गोपालराव जेवत होते. घास हातात तसाच राहिला. "बरं," ते म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पियुषला वजनकाट्यावर बसवलं. व्यापाऱ्यानं "पोरगा तोडाईले नाई का?" म्हणून विचारलं, तर "त्याचं काम हे हाय" असं तोडून उत्तर दिलं. माफी वगैरे मागायची त्या घराला सवय नव्हती.

यालाही आता चारेक वर्षं झाली. पियुष सध्या अकोल्याला तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकतो. इलेक्ट्रिकलला नंबर लागत होता, पण तारांच्या रंगांचा विचार करून त्यानं तो सोडला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. मालगाडीचा आवाज ऐकू आला की तो अजून अस्वस्थ होतो आणि खोलीतून बाहेर निघून चालायला लागतो. एका जागी बसणं त्याला आजही जमत नाही. फरक एवढाच की आता तो कोणाच्या हाताकडं पाहत बसत नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी त्यानं मोठ्यानं विचारलं होतं, "सर, या दोनातला लाल कोणता? मले कळत नाई." काही पोरं हसली. त्यानं त्यांना हसू दिलं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

गेल्या महिन्यात गोपालराव तुरीची डाळ आणि तुपाचा डबा घेऊन अकोल्याला आले होते. खोली पाहिली, मेसमध्ये जेवले, भाजीला नावं ठेवली. पियुष त्यांना स्टँडवर सोडायला गेला. गाडीला वेळ होता. गोपालराव बाकावर बसले आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "लाल कसा दिसते रे तुले?"

पियुष चमकला. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "तुमाले कसा दिसते ते मले काय माईत बाबा? मी कसं सांगू?"

गोपालरावांनी यावर विचार केला. मग त्यांनी समोरच्या एसटीकडं बोट केलं. "हे?"

"मातीसारखं."

"त्या बाईचं लुगडं?"

"निळं."

"अरे, बरोबर!" ते इतक्या आनंदानं म्हणाले की शेजारचा माणूस वळून पाहू लागला. मग केळीची गाडी झाली, रिक्षा झाली, पानठेल्यावरची पाटी झाली. काही जुळत होतं, काही जुळत नव्हतं, आणि नाही जुळलं की ते "अस्सं?" म्हणून त्या वस्तूकडं डोळे बारीक करून पाहत, जणू आपल्यालाच ती तशी दिसते का ते आजमावत होते. गाडी लागली, ते चढले, खिडकीशी बसले आणि तिथूनही विचारतच राहिले. गाडी हलली तसा पियुष उत्तरं देत दोन पावलं बरोबर चालला. गाडी फाटकातून बाहेर पडली.

तो वळतो न वळतो तोच खिशातला फोन वाजला.

"अरे," गोपालरावांचा आवाज गाडीच्या खडखडाटात येत होता, "ते पुढं पाण्याची टाकी हाय ना, तिच्यावर लिहिलं हाय, ते कसं दिसते?"

पियुषनं फोन कानाशी घट्ट धरला आणि टाकी कुठं आहे ते पाहायला मान वर केली.